शेवटचा गट

सुरतेच्या पूर्व-दक्षिण अंगाला लिंबायत, डिंडोली आणि गोडादरा या वस्त्या एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून ताप्तीकाठच्या रेल्वेमार्गाने आलेली माणसं इथे यंत्रमागावर, प्रोसेस मिलमध्ये आणि साड्यांच्या बाजारात कामाला लागली आणि इथेच स्थिरावली. त्यांच्या मुलांसाठी सुरत महापालिकेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या मराठी शाळा उभ्या राहिल्या. ही समिती गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांतून शाळा चालवते, आणि हे काम लहान नाही. अशा शाळेत पाचवी-सहावीपर्यंत येऊनही ज्यांना साधा परिच्छेद वाचता येत नाही, हातच्याची वजाबाकी जमत नाही, त्या मुलांचं काय करायचं हा प्रश्न दर जूनमध्ये नव्याने समोर येतो. त्यावरचं सगळ्यात हाताशी असलेलं उत्तर म्हणजे मुलांची चाचणी घ्यायची आणि कुवतीप्रमाणे गट पाडायचे. जिथे एका इयत्तेचे दोन-तीन वर्ग भरतात, तिथे हे गट बघता बघता वर्गच होऊन बसतात. महाराष्ट्रात तुकड्यांच्या नावाने ही व्यवस्था कित्येक पिढ्यांनी पाहिली आहे. माझं म्हणणं असं, की गट पाडणं मुळात चांगलंही नसतं आणि वाईटही नसतं. गट कशाचे पाडले, किती काळासाठी पाडले आणि शेवटच्या गटापुढे कोणाला उभं केलं, यावर सगळं ठरतं. या तिन्ही बाबतींत आपल्या शाळांचा कल बहुतेक वेळा चुकीच्या बाजूला असतो.

आधी ‘कशाचे’ हे पाहू, कारण गोडादऱ्यासारख्या ठिकाणी तिथेच मोठी गफलत होते. शाळा म्हणते आम्ही कुवत मोजतो. पण इथलं मूल शाळेत पाऊल टाकतं तेव्हा त्याच्या तोंडात अहिराणी असते. अहिराणीत ‘ळ’चा बहुधा ‘य’ होतो. काळा म्हणजे काया, डोळा म्हणजे डोया. ‘घरात’ हे तिथे ‘घरमा’ असतं, आणि रस्त्यावरची गुजरातीही जवळपास तेच रूप वापरते. म्हणजे दोन भाषांनी पक्कं केलेलं रूप तिसऱ्या भाषेचं पुस्तक त्याला पुसायला सांगतं. ते पुस्तक गांधीनगरहून छापून येतं, त्यातली मराठी पुस्तकी असते, आणि खेळाच्या मैदानावर हिंदी चालते ती वेगळीच. असं मूल वाचनाच्या चाचणीत अडखळलं तर ते नेमकं कुठे अडखळलं हे कोणी विचारत नाही; कागदावर ‘कच्चा’ एवढंच लिहिलं जातं. दुसरी गोष्ट हजेरीची. लग्नसराई, आखाजीचा सण, दिवाळी, शेतीची कामं, आजीचं दुखणं, अशा निमित्तांनी ही कुटुंबं गावी जातात आणि पोरांना शाळेत ठेवून जाण्याची सोय नसते. वडील कारखान्यात बारा बारा तासांची पाळी करतात, कधी दिवसाची, कधी रात्रीची. घरात आई साडीवर खडे चिकटवते, लेस लावते, धागे कापते, आणि नगावर मिळणाऱ्या मजुरीत मुलांचे हातही लागतात. ज्या मुलाचा तिसरीचा एक महिना आणि चौथीचा दीड महिना गेला, त्याला भागाकार येत नाही याचं कारण बुद्धीत शोधण्याआधी हजेरीपत्रकात शोधायला हवं. चाचणीला मी नाही म्हणत नाही. चाचणीवाचून शिक्षक आंधळाच असतो. पण ती सांगते ते एवढंच, की आज या मुलाला काय येतं आणि काय येत नाही. का येत नाही हे ती सांगत नाही, आणि पुढे येईल की नाही याबद्दल तर तिला काहीच ठाऊक नसतं. मुलांचं वाचन तपासणाऱ्या ‘असर’च्या पाहण्यांतली मांडणी मला म्हणूनच प्रामाणिक वाटते: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. त्या पायऱ्या वाचनाच्या आहेत. मुलाला त्या पायरीचं नाव चिकटवण्याचा उद्योग आपण मागाहून करतो.

आता गटांच्या बाजूचा पुरावा, आणि तो भक्कम आहे. सुरत ज्या लोहमार्गावर आहे त्याच मार्गावरच्या दोन शहरांत, मुंबई आणि वडोदऱ्यात, 2001 ते 2003 या काळात ‘प्रथम’ संस्थेचा ‘बालसखी’ कार्यक्रम महापालिकेच्या शाळांत काटेकोर तुलनेने तपासला गेला. तिसरी-चौथीतली मागे पडलेली सुमारे वीस मुलं वर्गातून बाजूला घ्यायची आणि वस्तीतलीच एखादी शिकलेली तरुणी त्यांना दिवसातले दोन तास अक्षरं, शब्द, बेरीज-वजाबाकी शिकवणार, एवढीच ती योजना. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडन यांनी 2007 मध्ये निष्कर्ष छापले. मुलांचे गुण ठळकपणे वाढले होते, दुसऱ्या वर्षी पहिल्यापेक्षा जास्त, आणि ही वाढ मुख्यतः सर्वांत तळाच्या मुलांची होती. यात एक बारकावा आहे, तो सहसा सांगितला जात नाही. वीस मुलं बाहेर गेल्यावर मूळ वर्ग लहान झाला, तिथे प्रशिक्षित, कायम नोकरीतला शिक्षक होता, तरी त्या उरलेल्या मुलांच्या शिकण्यात फारसा फरक पडला नाही. म्हणजे नुसती गर्दी कमी करून काही साधलं नाही. बालसखीजवळ पदवी नव्हती, थोड्या दिवसांचं प्रशिक्षण होतं. तिच्याजवळ होती ती एक मोकळीक: चौथीच्या मुलाला पहिलीचं शिकवलं म्हणून तिला कोणी जाब विचारणार नव्हतं. अभ्यासक्रम पुरा करण्याचं ओझं तिच्या डोक्यावर नव्हतं. आणि दोन तासांनंतर मूल आपल्या वर्गात, आपल्या मित्रांजवळ परत जाऊन बसत होतं. त्याच अभ्यासाने हेही दाखवलं, की कार्यक्रम संपून वर्ष उलटल्यावर मिळवलेल्यातला बराच भाग ओसरला. एकदा गटात घेऊन, भरपाई करून सोडून दिलं, की काम झालं असं मानणाऱ्यांनी हे वाक्य मनाशी धरावं.

पूर्णवेळ वेगळे वर्ग नकोत या माझ्या मताविरुद्ध सर्वांत वजनदार आक्षेप आफ्रिकेतून येतो, आणि त्याला बगल देणं बरोबर नाही. पश्चिम केनियातल्या 121 प्राथमिक शाळांना 2005 मध्ये पहिलीसाठी एक जादा शिक्षक दिला गेला, त्यामुळे पहिलीचे दोन वर्ग झाले. साधारण निम्म्या शाळांत मुलं गुणांप्रमाणे वाटली, वरची एकीकडे आणि खालची दुसरीकडे. उरलेल्या शाळांत चिठ्ठ्या टाकल्यासारखी. दीड वर्षाने गुणांप्रमाणे वाटलेल्या शाळांतली मुलं पुढे होती, आणि त्यांतली खालच्या वर्गातलीही. डुफ्लो, पास्कालिन दुपा आणि मायकल क्रेमर यांचा हा अभ्यास 2011 मध्ये आला, आणि तेव्हापासून पूर्णवेळ वेगळे वर्ग करू पाहणाऱ्यांच्या हाती तो आहे. मग तुकड्या का नकोत? कारण त्या प्रयोगात कोणत्या वर्गाला कोणता शिक्षक हेसुद्धा नशिबावर सोडलं होतं. खालच्या वर्गाला उरलासुरला शिक्षक द्यायचा, ही आपली वहिवाट तिथे बंद केली होती. शिवाय ती पहिलीतली मुलं होती, ज्यांच्यात अंतर पडायला नुकती सुरुवात झाली होती, आणि शिक्षकांना वर्गाच्या पातळीवर उतरून शिकवता आलं. आपल्याकडे शेवटच्या वर्गाच्या शिक्षकापुढे तेच पुस्तक, तोच घटकवार नियोजनाचा तक्ता आणि तीच सत्र परीक्षा असते. मुलं वेगळी बसवली, शिकवणं मात्र जुनंच ठेवलं. मग त्या वाटणीतून मुलांच्या पदरात पडतं ते फक्त नाव. केनियाचा दाखला द्यायचा तर त्या प्रयोगाच्या सगळ्या अटींसकट द्यावा.

नावं गोड ठेवून हे झाकलं जात नाही. दिल्ली सरकारने 2016 मध्ये ‘चुनौती’ योजना आणली तेव्हा नववीच्या मुलांचे ‘प्रतिभा’, ‘निष्ठा’ आणि ‘विश्वास’ असे गट केले. हेतू चांगला होता, नववीत वारंवार नापास होणाऱ्यांना हात द्यायचा होता. पण ‘विश्वास’मधल्या मुलांना नियमित दहावीऐवजी पत्राचार विद्यालयाकडून परीक्षेला बसवायचं ठरलं, म्हणजे गटाबरोबर वाटही बदलली. चौदा वर्षांच्या मुलाला हे कळत नाही असं मोठ्यांनाच वाटतं. गुजरात बोर्डाने दहावीच्या गणिताचे ‘स्टँडर्ड’ आणि ‘बेसिक’ असे दोन प्रकार केले. सीबीएसईने 2020 च्या परीक्षेपासून तसंच केलं होतं. गणिताच्या धास्तीने शाळा सोडणाऱ्या मुलीला ‘बेसिक’मुळे दहावी पास होता येतं, हा त्याचा खरा उपयोग आहे आणि तो मी कमी लेखत नाही. पण तिने तो पर्याय निवडला की पुढे विज्ञानाकडे जाणारा रस्ता अवघड होतो, हे फॉर्म भरताना तिला आणि तिच्या आईला कोणी बसवून समजावतं का? आठवी-नववीत शेवटच्या गटात घातलेलं मूल बहुतेक वेळा ‘बेसिक’च्या रकान्यात आपोआप जाऊन पडतं. अशा रीतीने सहावीतल्या एका वाचन चाचणीचा हात सोळाव्या वर्षापर्यंत पोचतो. मूल मागे आहे हे ओळखणं वेगळं, आणि त्याच्या मागे असण्यावर पुढची सगळी इमारत रचणं वेगळं.

म्हणून मी पुन्हा त्या प्रश्नाकडे येतो, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: शेवटच्या गटाला कोण शिकवतं? शाळेच्या व्यवहारात याचं उत्तर ठरलेलं असतं. अनुभवी, विषयावर हुकमत असलेला शिक्षक वरच्या वर्गाकडे, कारण शिष्यवृत्तीची मुलं तिथली, निकाल तिथला, वर्तमानपत्रात नाव तिथलं. खालच्या वर्गाकडे नवा उमेदवार, तात्पुरता नेमलेला शिक्षक, किंवा ज्याला निवडणुकीच्या याद्यांचं काम लागलं आहे आणि जो अर्धा वेळ वर्गाबाहेर असतो तो. मग त्या वर्गातला दिवस फळ्यावरचं उतरवून काढण्यात जातो. शांतता राहते आणि वह्या भरतात. इथे काय शिकवायचं असतं ते पाहिलं म्हणजे ही वाटणी किती उलटी आहे ते दिसतं. 52 मधून 27 वजा करताना जो मुलगा दर वेळी 35 लिहितो, तो आळशी नाही. लहान अंकातून मोठा जात नाही म्हणून तो अंक उलटे करून वजा करतो, आणि त्याच्या दृष्टीने त्याने नियमच पाळला आहे. ही चूक ओळखायला आणि काड्यांचे गठ्ठे सोडून दहा मोकळे करणं त्याच्या हाताला पटवायला गणित आतून कळलेला माणूस लागतो. जोडाक्षरापाशी थबकणारी मुलगी प्रत्येक अक्षर ओळखते, पण दोन आवाज एका दमात जोडता येत नाहीत. तिला पुन्हा बाराखडी गिरवायला लावणं म्हणजे तिचं वर्ष वाया घालवणं. ज्याच्या बोलीत ‘ळ’ नाही त्याला तो उच्चार चुकीचा ठरवून न लाजवता ऐकवावा लागतो, अनेक वेळा. हुशार मुलं शिक्षकाची उणीव स्वतः भरून काढतात; घरी विचारतात, शिकवणीला जातात, पुस्तक पुढे वाचतात. शेवटच्या गटातल्या मुलाला शाळेत जे मिळेल तेवढंच मिळतं. मग शाळेचा उत्तम शिक्षक कुठे हवा? यावर म्हटलं जातं की त्याने चांगला शिक्षक वाया जातो, आणि तो स्वतःही नाराज होतो. नाराजीचं कारण शाळेच्या मोजमापात आहे. ‘गुणोत्सव’सारख्या मूल्यमापनात आणि पालकांच्या बोलण्यात जोवर सरासरी आणि अव्वल नंबर यांचीच किंमत आहे, तोवर परिच्छेदापर्यंत पोचलेली शेवटच्या गटातली मुलं कोणाच्या हिशेबात येत नाहीत. बालसखीचा दाखला इथे माझ्यावरही उलटू शकतो, कारण ती तर नामांकित शिक्षिका नव्हती. खरं आहे. तिसरी-चौथीच्या मुलाला अक्षरावरून शब्दावर नेण्याचं काम मोकळीक आणि माया असलेली तरुणी करू शकते. सातवीत पोचलेल्या मुलाचं तसं नसतं. तिथे पाच वर्षांची पोकळी, चुकीचे पक्के झालेले नियम आणि लाज, तिन्ही एकदम हाताळावी लागतात, आणि त्याला जाणतेपण लागतं.

गट असावेत पण त्यांत कोणी कायमचं अडकू नये, हे गुजरातच्याच शाळांनी करून पाहिलं आहे. 2010 मध्ये राज्याने ‘प्रज्ञा’ सुरू केली. पहिली-दुसरीची मुलं एकत्र, बाकं नाहीत, शिक्षकही खाली बसलेला, आणि अभ्यास लहान लहान कार्डांत मोडलेला. एका गटाला शिक्षकाची पूर्ण मदत, दुसऱ्याला थोडी, तिसऱ्या-चौथ्याला सोबत्यांची, पाचवा स्वतः शिकणारा, सहावा मूल्यमापनाचा. मूल आपलं कार्ड घेई आणि त्या कार्डाची जी जात असेल त्या गटात जाऊन बसे. आज मदतीच्या गटात, उद्या स्वतः करणाऱ्यांत. गावी जाऊन तीन आठवड्यांनी परत आलं तर वर्ग पुढे गेलेला नसे. जिथे अभ्यास सोडला त्याच पायरीवर त्याचं कार्ड असे. गोडादऱ्यातल्या मुलांच्या ये-जा करणाऱ्या आयुष्याला याहून जुळणारी रचना मला सुचत नाही. यावरचा आक्षेप कामाचा आहे: पट मोठा असला की साठ मुलांची साठ कार्डं सांभाळताना शिक्षक मेटाकुटीला येतो, कार्डं हरवतात, नोंदी मागाहून भरल्या जातात, आणि वरच्या इयत्तांत हे चालवणं फारच कठीण. म्हणून पूर्ण प्रज्ञा सगळीकडे आणा असं मी म्हणत नाही. तिच्यातलं तत्त्व मात्र कोणत्याही इयत्तेत उचलता येतं. हरियाणात 2012-13 मध्ये सरकारी शाळांनी रोज एक तास इयत्ता बाजूला ठेवून वाचनाच्या पायरीप्रमाणे मुलं बसवली. शिक्षक तेच, शाळा त्याच. भाषेत मुलं स्पष्टपणे पुढे गेली. गणितात तसं दिसलं नाही, हेही सांगायला हवं. उरलेले तास मूल आपल्याच वर्गात होतं.

हुशार मुलांचं नुकसान होईल, ही पालकांची भीती मी खोटी मानत नाही. ज्या बापाने यंत्रमागावर उभं राहून मुलीच्या वह्या घेतल्या, त्याला तिची गती अडावी असं वाटणार नाही. पण रोजच्या एका तासात ती मुलगी तिच्या पायरीवरच्या गटात असते, तिथे तिला तिच्या तोडीचं मिळतं. राहिलेल्या वेळात मिश्र वर्गाने तिचं फार काही बिघडेल, असं मला वाटत नाही. ताराबाई मोडकांनी भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत आणि पुढे बोर्डी-कोसबाडला जे बालशिक्षण उभं केलं, त्यात वेगवेगळ्या वयांची मुलं एकत्र असणं ही अडचण नव्हती; लहान मूल मोठ्याचं पाहून शिके आणि मोठं सांगता सांगता पक्कं होई. ताराबाई आणि अनुताई वाघांनी तर गुरांमागे जाणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली, शाळाच कुरणावर नेली. येत नाहीत म्हणून त्या मुलांना त्यांनी कच्च्यांच्या यादीत टाकलं नाही. मिश्र वर्गात कच्च्या मुलाला जास्त लाज वाटते असाही एक सूर असतो. लाज वाटते ती उभं करून वाचायला लावलं म्हणून, आणि ते वेगळ्या वर्गातही करता येतं, केलंही जातं.

शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 24 मध्ये शिक्षकाच्या कर्तव्यांत हे स्पष्ट लिहिलं आहे, की प्रत्येक मुलाची शिकण्याची पातळी पाहून जरूर तेवढं जादा अध्यापन करावं. कायदा मुलागणिक बोलतो, वर्गागणिक नाही. दोन पाळ्यांत चालणाऱ्या शाळेत तो जादा तास कुठून काढायचा, ही अडचण खरी आहे. सकाळची पाळी सुटते तेव्हा दुपारची दारात उभी असते. म्हणून तो तास पाळीच्या आतच असला पाहिजे, वेळापत्रकात छापलेला, परिपाठानंतरचा पहिला, आणि त्या तासापुरता पाठ्यपुस्तकाचा हिशेब शिक्षण समितीने मागू नये. शेवटच्या गटाकडे शाळेतल्या सर्वांत जाणत्या शिक्षकाचं नाव जूनमध्येच लिहावं, आणि त्याला त्या वर्षी याद्यांच्या कामातून सोडवून घ्यावं. दर सहा आठवड्यांनी मुलं पुन्हा तपासून हलवावीत. पालक सभेत आईला ‘तुमचा पोरगा तिसऱ्या गटात आहे’ हे सांगण्याऐवजी तो जोडाक्षराला अडतो आणि गावी जाताना हे पुस्तक सोबत न्या, असं सांगावं. ती स्वतः वाचत नसेल तर मोठ्या बहिणीला बोलवावं. आणि दिवाळीच्या सुट्टीआधी मुख्याध्यापकांनी समितीकडे जो अहवाल पाठवायचा, त्याच्या पहिल्या ओळीत शाळेची सरासरी नको. जूनमध्ये शेवटच्या गटात किती मुलं होती, त्यांतली किती पुढच्या पायरीवर गेली, जी गेली नाहीत ती किती दिवस हजर होती, आणि त्यांना कोण शिकवत होतं, एवढं तिथे असावं.